मानेतील मज्जारज्जूवर दाब: शस्त्रक्रिया लांबवावी का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
माझ्या आईचे वय ६४ आहे. चार महिन्यांपासून तिला ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, तांदूळ निवडताना दाणे बोटांतून निसटतात आणि जिना उतरताना तोल जातो. मान मात्र फारशी दुखत नाही, म्हणून आम्ही हे वयाचेच समजत राहिलो. एमआरआयमध्ये सी५-६ आणि सी६-७ येथे (मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये) मज्जारज्जूवर दाब दिसला आहे. एका सर्जननी गळ्याच्या बाजूने, म्हणजे पुढून, मणक्यांमधल्या चकत्या काढून मणके जोडण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी मागच्या बाजूने शस्त्रक्रिया सुचवली. गणेशोत्सव होईपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर (निवृत्त फिजिओथेरपिस्ट, रावपुरा)
ताई, कंबरेची चकती सरकून पायात कळ येत असेल, तर बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. मज्जारज्जूवरच्या दाबाला हा हिशेब लागू नाही. हातांची सफाई आणि तोल दोन्ही बिघडले असताना व्यायामाने दाब हटत नाही, आणि या अवस्थेत मानेला मालीश करणे किंवा झटका देणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढचा बिघाड थांबवणे हा असतो. गेलेले किती परत येईल, हे बरेचसे आपण किती उशीर केला यावर ठरते. दाब एक-दोन ठिकाणी असेल तर सहसा पुढून, आणि तीन-चार ठिकाणी असून मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असेल तर मागून, असा विचार केला जातो. त्या बाकाविषयी दोन्ही सर्जनना अवश्य विचारा.

उत्तर (कारेलीबाग)
माझ्या यजमानांची हीच शस्त्रक्रिया पुढून झाली. दुसऱ्या दिवशी ते चालले, पण घास घशात अडकत असे आणि आवाज बसला होता. तीन आठवडे पेज आणि मऊ भातावरच काढले. हाड जुळायला काही महिने लागतात आणि तंबाखूने ते रखडते, असे डॉक्टरांनी बजावल्यावर त्यांनी ती कायमची सोडली, याचे मला फार समाधान आहे. पाचव्या महिन्यात ते शर्टाची बटणे स्वतः लावू लागले, गळ्याजवळचे एक सोडून. बोटांच्या टोकांचा बधिरपणा अजून गेलेला नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाकाविषयी विचारले, आईच्या मानेचा नैसर्गिक बाक शाबूत नाही, मान पुढे झुकली आहे, त्यामुळे पुढूनच करावे यावर दोन्ही सर्जन सहमत झाले. पुढच्या सोमवारी दाखल करतो आहोत. या वर्षीचा गणपती भावाच्या घरी बसेल.