थंडीत कातळावर चढायला पॅन्ट कोणती घ्यावी?

प्रश्न (परभणीहून): डिसेंबरात पहाटे कातळ नुसता गारढोण. लेगिंग्जमध्ये पाय मोकळे, पण गुडघे काकडतात. ट्रॅकपॅन्ट उबदार, मात्र पाय वर टाकला की मांडीत अडते. काय घेऊ?

उत्तर: ताई, नायलॉन-स्पॅन्डेक्सची, आतून बारीक फ्लीस असलेली बघा. आसनात वेगळा तुकडा जोडलेला हवा, तरच पाय पूर्ण फाकतो. कमरेचा पट्टा सपाट हवा. हार्नेसखाली (दोर अडकवायला कमरेला-मांड्यांना बांधतो तो पट्टा) नाडीची गाठ फार रुतते. आपला बेसाल्ट खरबरीत, पातळ लेगिंग्ज गुडघ्यावर लवकर विरतात.

उत्तर: सुती नकोच. घाम धरते, बिलेला, म्हणजे खालून जोडीदाराचा दोर सांभाळत, उभं राहिलं की हुडहुडी भरते. आणि मराठवाड्यात दहालाच ऊन चटकतं! आत थर्मल, वर ढगळ स्ट्रेच पॅन्ट बरी. फक्त थर्मल उतरवायला हार्नेस सोडावा लागतो, तो जमिनीवरच सोडा.

प्रश्नकर्ती: दुकानात उकिडवं बसूनच बघते मग. दुकानदार बघेना का!