मधुमेही बोका, घरात आणखी तीन मांजरं : जेवणाचं गणित बसेना, मदत हवी आहे

साय

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे चार मांजरं आहेत. गोट्या, वय ९, नसबंदी झालेला पिवळा बोका. दोन वर्षांपूर्वी साडेसहा किलोचा होता आणि आम्ही कौतुकाने त्याला पैलवान म्हणायचो. चिंगी, वय १३, किडनीचा त्रास, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.१. तिला डॉक्टरांनी किडनीसाठीचं वेगळं कोरडं खाणं दिलंय. आणि शिरा-उपमा ही पार्किंगमध्ये सापडलेली दहा महिन्यांची भावंडं. ही दोघं दिवसभर चरतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गोट्या बाथरूममधल्या बादलीवर मुक्कामाला गेला. पॉटमधल्या वाळूतले शूचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंब्याएवढे व्हायला लागले. चौघं एकच पॉट वापरतात, त्यामुळे मी आपली महिनाभर चिंगीच्या किडनीलाच दोष देत बसले. गोट्या खात होता भरपूर, पण वजन ५.१ वर आलं. मग तो चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवायला लागला, सशासारखे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

रक्तातली साखर ४१२. दवाखान्यात घाबरूनही मांजरांची साखर वर जाते, म्हणून डॉक्टरांनी फ्रुक्टोसामिन करून घेतलं, त्यातून मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो. तेही वाढलेलं. लघवीत साखर आहे, कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं) नाहीत. कालपासून ग्लार्जिन इन्सुलिन सुरू झालंय, सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट. आणि फर्मान : कोरडं बंद, कमी कार्बचं (पिष्टमय पदार्थ कमी असलेलं) ओलं खाणं.

इंजेक्शनची धास्ती होती, ते सोपं निघालं. मानेमागच्या कातडीची चिमूट धरायची, तो वाटी चाटत असतो, त्याला कळतही नाही. अडलंय ते वाटीपाशी. आमच्याकडे कोरड्या दाण्यांचा बाऊल चोवीस तास भरलेला असतो. तो उचलला तर चिंगी आणि पिल्लं उपाशी, ठेवला तर गोट्या सगळ्यात आधी तिथे. चिंगी एका वेळी सहा-सात दाणे खाऊन निघून जाते, दिवसातून पंधरा वेळा येते. तिला "बस, जेव" म्हणून सांगता येत नाही. मी पावणेआठला घराबाहेर पडते, नवरा त्याआधी. घरी असतात साबा, म्हणजे माझ्या सासूबाई.

साबा ७४ वर्षांच्या आहेत आणि त्याही मधुमेही. त्यांचं इन्सुलिन आणि गोट्याचं इन्सुलिन फ्रीजच्या एकाच दारात. चहाबरोबर मारी बिस्किट, अर्धं त्या, अर्धं गोट्या, हा नऊ वर्षांचा नेम. मी काही बोलले की म्हणतात, "अगं, मला डॉक्टरांनी दोन मारी चालतात म्हणून सांगितलंय, मग त्याला अर्धं का नाही?"

चार तोंडं, तीन प्रकारची पथ्यं, एक स्वयंपाकघर. कोणी हे निभावलंय का?

झुंबड

वाचते आहे. माझ्याकडे पाच आहेत, आज ना उद्या ही वेळ येणारच.

निवांत_नाना

कारल्याचा रस द्या. (हलके घ्या.)

साबांना सांगायला एक मुद्दा : मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या जिभेवरच्या यंत्रणेचं एक जनुक त्यांच्यात मोडलेलं असतं, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे गोट्याला मारीतला गोडवा नकोच आहे, त्याला हवाय स्निग्धपणा आणि साबांचा हात. बिस्किटाऐवजी उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा त्याच हातातून दिला तर नेम मोडणार नाही.

कडबोळी

साय, माझा बोका चार वर्षं इन्सुलिनवर होता. सगळ्यात आधी हे वाच, बाकीचं नंतर.

कोरडं बंद करणं आणि इन्सुलिनचा डोस या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजू नकोस. मी समजले होते. डोस ठरला तेव्हा माझा बोका दाणे खात होता. मी उत्साहात एका रात्रीत सगळे दाणे कचऱ्यात टाकले, ओल्या खाण्याचे पाऊच सुरू केले आणि डॉक्टरांना कळवलं नाही, कारण "त्यांनीच तर सांगितलं होतं". चौथ्या दिवशी संध्याकाळी तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात आला आणि आडवा झाला. ग्लुकोमीटरवर ३८. हिरड्यांना मध चोळला, तसाच टॉवेलात गुंडाळून रिक्षा. वाचला. खाण्यातले कार्ब कमी झाले की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, काही मांजरांची काही दिवसांत. म्हणून बदल हळूहळू, आठ-दहा दिवसांत, आणि प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांना साखरेचे आकडे कळवत. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो. मांजराच्या रक्तात तो प्रयोगशाळेपेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो, हे डॉक्टरांना माहीत असतं. कानाच्या कडेला टोचायचं, आधी कान तळहाताने जरा गरम करून.

दुसरं, तो जेवला नाही तर ठरलेलं इन्सुलिन तसंच टोचून मोकळी होऊ नकोस, आधी फोन. आणि "भूक लागली की खाईल" हा प्रयोग मांजरावर कधीच करू नये. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. उलट्या, सुस्ती आणि खाणं बंद असं एकत्र दिसलं तर कीटोनचा धोका, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना.

हातोडी

जेवणाच्या व्यवस्थेचं बोलतो, औषधातलं मला कळत नाही.

अशा वेळी मधुमेही मांजराला वेगळं बसवायचं, हेच पहिल्यांदा सुचतं. मला वाटतं उलटं करावं. मधल्या मोकळ्या जमिनीवर फक्त गोट्याला चालणारं खाणं ठेवा, ते बाकीच्यांनी चाटलं तरी आभाळ कोसळत नाही. त्याला न चालणारं जे आहे ते त्याच्या आवाक्याबाहेर न्या. मागचे पाय अधू झालेत म्हणता, म्हणजे तो उंच उडी मारू शकत नाही. पिल्लांचं खाणं फ्रीजवर नाहीतर कपाटावर. ती तिथे आनंदाने जातील, आत्ताही जात असतील.

उरली चिंगी. डब्याला लहान भोक पाडून बारीक मांजराला आत खाऊ द्यायची युक्ती आहे, पण तुमच्याकडे पिल्लंही आत घुसतील. मांजराच्या कातडीखाली बसवलेली चिप ओळखून झाकण उघडणारे बाऊल बाहेरून मागवता येतात, एका बाऊलच्या किमतीत माझ्या हातून अख्खं स्वयंपाकघराचं कपाट होईल. त्यापेक्षा चिंगीला बंद दार द्या. साबांची खोली आहे ना? रात्रभर आणि दुपारी चिंगी साबांच्या खोलीत, तिची वाटी तिथेच, हवे तेवढे वेळा सहा-सात दाणे. साबांना पहाऱ्याचं काम मिळालं की मारीचा प्रश्नही बहुधा सुटेल.

झुंबड

हातोडी +१. आणि चिंगीने गोट्याचं खाणं रोज खाऊ नये हेही बघ. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस जास्त असतात, तिच्या किडनीला ते नकोत.

आकडेमोड

पाऊच म्हटलं की कार्ब कमीच, असं नसतं. रस्सा दाट करायला पीठ घातलेलं असतं. पाकिटावर कार्ब लिहीत नाहीत, स्वतः काढावे लागतात. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करायची, उरतात ते कार्ब. पण कोरड्या-ओल्याची तुलना वजनावर करू नका, कॅलरीवर करा. प्रथिनं आणि कार्ब ग्रॅमला साडेतीन कॅलरी, चरबी साडेआठ.

समजा पाऊचमध्ये पाणी ८२, प्रथिनं ९, चरबी ३, तंतू १, राख २. कार्ब उरले ३. कॅलरी झाल्या ३१.५ + २५.५ + १०.५ = ६७.५, त्यात कार्बचा वाटा साधारण १५.५ टक्के. आता दाणे : प्रथिनं ३०, चरबी १०, पाणी १०, तंतू ५, राख ८, कार्ब ३७. वाटा ४० टक्क्यांच्या वर. मधुमेही मांजराला हा वाटा साधारण १२ च्या आत हवा, म्हणजे वरचा पाऊचही काठावर नापास. रश्श्याऐवजी पातेसारखं (गुळगुळीत वाटलेल्या मांसाचं) घट्ट खाणं बहुतेक वेळा यात पास होतं.

खिशाचंही बघा. त्या पाऊचचे ८० ग्रॅम म्हणजे ५४ कॅलरी. पाच किलोच्या बोक्याला दिवसाला दोनशेच्या वर लागतात, म्हणजे चार पाऊच. चौघांनाही ते देणं बहुतेकांना झेपणार नाही, त्यामुळे पिल्लांचे दाणे फ्रीजवर, हे ठीक.

साय

किती धन्यवाद देऊ! आकडेमोड, काल रात्री चष्मा लावून सगळी पाकिटं वाचली, आमचे पाऊच नापास. चिकन उकडून त्यावरच ठेवता येईल का पूर्ण? मासेही मिळतात ताजे.

अवांतर : सिरिंजची पहिली पाच संपली. आज सकाळी साबांच्याच सिरिंजने एक युनिट दिलं, तेवढीच पैशांची बचत.

कडबोळी

साय, थांब. साबांच्या सिरिंजची टोपी लाल आहे की नारिंगी?

साय

लाल. का?

कडबोळी

लाल टोपी म्हणजे यू-४० ची सिरिंज. आपल्याकडे माणसांच्या बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं असतं, त्यासाठी ती. ग्लार्जिन एका मिलीत १०० युनिटचं असतं, त्याला नारिंगी टोपीची यू-१०० लागते. लाल सिरिंजवर एक खूण भरलीस तर आत गेलं अडीच युनिट. धागा बंद कर, डॉक्टरांना फोन लाव, हेच वाक्य सांग. तोवर त्याला खायला दे, साखर बघ, मध हाताशी ठेव.

साय

फोन केला. ऑफिसातून निघाले, साबांना व्हिडिओ कॉलवर ठेवलंय. गोट्या खाटेवर पाय पसरून झोपलाय, हाक मारली की कान हलवतो. त्यांनी त्याला अर्धी वाटी दाणे खायला घातले. आज पहिल्यांदा त्या दाण्यांचे आभार.

साय

साखर १३१, मग दोन तासांनी १४८. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस वगळायला सांगितला. नारिंगी टोपीच्या सिरिंज आणल्या, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या. साबांचं सामान फ्रीजच्या दारात, गोट्याचं खालच्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात. डब्यावर साबांनी स्वतः "बोका" लिहून चिठ्ठी चिकटवली आहे. माझे हात अजून थरथरतायत.

झुंबड

हुश्श.

चिकनचं राहिलं : नुसतं चिकन म्हणजे पूर्ण जेवण नव्हे. कॅल्शियम नाही, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य) उकळलेल्या पाण्यात उतरून जातं आणि टॉरिन कमी पडलं तर मांजराचे डोळे आणि हृदय बिघडतं. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत वरून द्यायला छान. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट-बोंबील मिठामुळे नकोत, चिंगीला तर नकोच. आणि एकच पॉट पुरत नाही, दोन तरी वाढव. शूचे गोळे कोणाचे ते कळायला हवं, साखर आटोक्यात येतेय का याचा तो फुकटचा रिपोर्ट आहे.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीहून. इथे २०२२ च्या डिसेंबरात मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, रोज एक, टोचणं नाही. ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या आणि बाकी तब्येत ठीक असलेल्या मांजरांसाठीच आहे, त्यामुळे गोट्याला नाही लागू. पण हे वाचून कोणी माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या घरच्या मांजराला देऊ नका, इतकंच सांगायला आले.

साय

दोन महिन्यांनी अपडेट देतेय.

बदल बारा दिवसांत केला, दर दोन दिवसांनी साखरेचे आकडे डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर. डोस आधी एकच राहिला, मग आकडे दीडशेच्या खाली यायला लागल्यावर अर्ध्या युनिटवर आला. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतं म्हणतात डॉक्टर, पण घाई करायची नाही. वजन ५.३, म्हणजे उतरायचं थांबलं. बादलीवरचा मुक्काम हलला. गोळे पुन्हा लिंबाएवढे.

चिंगी साबांच्या खोलीत राहायला गेली, आता बाहेरच येत नाही. साबा तिला दाणे मोजून घालतात आणि वहीत लिहितात. स्वतःची साखर त्यांनी कधी वहीत लिहिली नव्हती, आता शेजारच्या रकान्यात तीही येते. मारी मात्र पूर्ण सुटलं नाहीये, मला खाटेखाली चुरा सापडला. साबा म्हणतात तो चुरा त्यांचाच. मी वाद घातला नाही.

पिल्लं फ्रीजवर जेवत होती. होती म्हणतेय, कारण गोट्याच्या मागच्या टाचा गेल्या आठवड्यापासून उचलल्या गेल्यात. आधी खाटेवर चढला, मग ओट्यावर. काल संध्याकाळी घरी आले तर हा पैलवान फ्रीजच्या वर, शिरा-उपमाच्या वाटीत तोंड घालून. नवरा मोबाइलवर फोटो काढत होता, मी आनंदाने रडत होते आणि दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात वाटी उचलायचं येईना.

साखर रात्री २८६ निघाली.

हातोडी, फ्रीजपेक्षा उंच काय असतं? माळा आहे, पण तिथे माझं बस्कर आणि दिवाळीचे कंदील आहेत.

हातोडी

माळा रिकामा करा. मोजमाप पाठवा, दारालाच बारीक भोक पाडू. गोट्याच्या पोटाचा घेर टेपने मोजून कळवा, शिरा-उपमाचाही.