आमचं घर दर्यापूर (ग्रुप) : धाकटीची तपासणी

गोलूची आई: भाऊ, सकाळी टाकलेला तांब्याच्या पाण्याचा व्हिडीओ काढून टाका. गोलू बी याच ग्रुपवर हाये. काल त्याच्या खोलीतला तांब्याचा जग उचलून माळ्यावर टाकला, अन् आज तो म्हणते, मामा त म्हणते यानं लिव्हर साफ होते.

मामा: अवो बाई, सगळ्यांसाठी टाकला होता. काढतो.

मोठे काका: आपले आबा जन्मभर तांब्याचंच पाणी पेले. काई झालं नाही.

नर्स ताई: काका, आबांचं लिव्हर जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकत होतं. गोलूला विल्सन नावाचा आजार आहे, त्याचं टाकू शकत नाही. एटीपी७बी नावाचा जीन आईकडूनही बिघडलेला आला, बाबांकडूनही. तांबं आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत जातं. नुसती भांडी बदलून हा आजार हटत नाही, गोळी लागतेच. तरी ते भांडं नकोच. कलेजी, काजू, चॉकलेट, मशरूम पण नको.
आणि गोलूच्या बहिणीची, धाकटीची तपासणी झाली का?

बंटी: मंग संत्र्याले मोरचूद लावाचं का नाही? त्यात बी तांबंच असते 😄

मोठे काका: पह्यले माहा पंप वापस आण, मंग मोरचूद लाव.

बंटी: पंप मामाच्या वावरात हाये.

मामा: माह्याकडं नाही बाप्पा! दिवाळीतच देल्ला.

नर्स ताई: मोरचुदानं विल्सन होत नाही, तो जन्मापासूनच असतो. धाकटीची तपासणी झाली का?

आत्या: पोरीचं नाव ग्रुपवर कायले घेता? पुढच्या महिन्यात पाहुणे येऊन राह्यले. तिले साधा ताप बी येत नाही. चांगली पोरगी बिमार पाडता का?

नर्स ताई: आत्या, राग मानू नका. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. लक्षणं नसली तरी तांबं साठत राहतं. आपल्याकडं सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड सगळ्यांना माहीत आहे, हाही तसाच आईबापाकडून येतो. आईबाप वाहक, म्हणजे बिघडलेला जीन एकेकच, त्यांना स्वतःला काही नाही. आते-मामेभावंडांचं लग्न असलं की दोघंही वाहक निघायची शक्यता वाढते.

आत्या: म्हणजे आमच्या माहेरचा दोष?

गोलूची आई: वन्सं, तुमचं माहेर तेच माह्या आत्याचं घर. कोनाले बोल लावाचा?

गोलूचे बाबा: मी बोलतो आता. दहावीत पोराचं अक्षर बिघडलं त मास्तर म्हणे आळशी झाला. हात थरथरे, बोलणं जड झालं, तोंडातून लाळ गळे, त घरचे म्हणे बाहेरचं हाये. त्याच्या आधी कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध पाजलं. मनगटाले धागा कोनं बांधला होता, आठवा जरा.

आत्या: माह्या जिवाचा तुकडा हाये तो. चांगल्यासाठीच बांधला.

बंटी: सोडा ना आता. 🙏

नर्स ताई: शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली पाहिलं तेव्हा बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. कायसर-फ्लायशर रिंग म्हणतात त्याला. मेंदूवर परिणाम झालेल्या जवळजवळ सगळ्यांत दिसतं. नुसतं लिव्हर धरलेलं असलं तर निम्म्यांत दिसतच नाही. म्हणून धाकटीचे डोळे साफ आहेत एवढ्यावर सोडू नका. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), लिव्हरची तपासणी आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं. गोलूच्या जीनमधला दोष सापडला असेल तर तिचा तोच तपासला की सरळ उत्तर मिळतं.

मोठे काका: मंग गोलूचा थरथराट गोळीनं वाढला काहून? पयसे बी गेले अन् पोरगा बी घाबरला.

नर्स ताई: त्याच्या गोळीनं, म्हणजे पेनिसिलामिननं, सुरुवातीला काहींचा थरथराट वाढतो. डॉक्टरांना लगेच सांगायचं, ते डोस बदलतात नाहीतर दुसरं औषध देतात. मनानं बंद करायची नाही. अचानक बंद केल्यानं लिव्हर निकामी होऊन माणसं गेलीत. उपाशीपोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास, सोबत बी-६ जीवनसत्त्व. झिंक (जस्त) दिलं तर दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या. हे जन्मभराचं आहे.

गोलूची आई: आता शर्टाची बटणं स्वतः लावते तो. आठ दिवस झाले.

मामा: 🙏🙏 लय चांगलं झालं बाई.

नर्स ताई: धाकटीची तपासणी झाली का?

आत्या: अन् निघालं त? सोयरीक मोडली त तू करशील का तिचं लग्न?

नर्स ताई: निघालं तर लगेच औषध सुरू होईल, हात थरथरायच्या आधी. अशा बिनलक्षणाच्या मुलांना बरेचदा नुसतं झिंक देतात, आतड्यातून तांबं शोषूच देत नाही ते. औषध सोडलं नाही तर पोरगी ठणठणीत राहते. शिकते, लग्न करते, लेकरंबाळं होतात. लपवून सासरी पाठवली आणि तिकडं कावीळ झाली, तर कोणाला काय सांगाल?

(आत्यानं मेसेज डिलीट केला)

आत्या: किती वाजता निघाचं?

गोलूचे बाबा: सोमवारी सकाळच्या गाडीनं नागपूर. वन्सं येत असन त सोबत.

गोलूची आई: वन्सं माह्या, तुमची त ताई हाये ती 😊

आत्या: येते. डबे मी बांधून आणते चौघांचे.

गोलूची आई: ताई, लघवी जमा कराले घरची स्टीलची बरणी चालन का?

नर्स ताई: नाही. लॅबवाले धातू न लागलेला डबा देतात, तोच घ्या. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक त्यातच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरायची. एक जरी सांडली तरी पुन्हा पहिल्यापासून.