जुना १७ इंची मॉनिटर: लिनक्स मिंटमध्ये १०२४ बाय ७६८च्या वर जाईना

प्रश्न: बाबांच्या दुकानातला चौकोनी मॉनिटर घरी आणलाय. मूळ रिझोल्यूशन १२८० बाय १०२४. लिनक्स मिंट (सिनॅमन डेस्कटॉपवालं) टाकलं, पण डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पर्यायच नाही. अक्षरं पुसट आणि बेढब. केबल व्हीजीए, म्हणजे जुनी ॲनालॉग, ड्रॉवरच्या तळाशी सापडलेली. नवीन मॉनिटर घ्या हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो.

उत्तर: ड्रॉवरची केबल म्हणालात तिथेच संशय आला. मॉनिटर आपली माहिती, म्हणजे ईडीआयडी, १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून पाठवतो. स्वस्त केबलीत बऱ्याचदा त्या जोडलेल्याच नसतात. मग लिनक्स १०२४ बाय ७६८ धरून बसतं. केबल बदला.

उत्तर: तोवर टर्मिनलमध्ये सीव्हीटी (cvt) कमांडला १२८० १०२४ ६० द्या. मिळालेली मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ, डिस्प्ले बदलणाऱ्या एक्सरँडर (xrandr) कमांडच्या न्यूमोडने नोंदवा, ॲडमोडने त्या पोर्टला जोडा आणि मग तो मोड निवडा. रीस्टार्टनंतर हे उडतं, म्हणून स्टार्टअपमध्ये टाका. जुन्या एक्स ऐवजी वेलँड ही नवी डिस्प्ले पद्धत वापरत असाल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे ग्रबमधून, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूट प्रोग्राममधून, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) व्हिडिओ पॅरामीटर द्यावा लागतो.

प्रश्नकर्ता: केबल बदलली, १२८० आपोआप आलं! पण चित्र डावीकडे सरकलंय, आणि काही उभ्या पट्ट्यांत अक्षरं थरथरतात.

उत्तर: ते लिनक्सचं नाही, ॲनालॉग सिग्नलचं. मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा, पण आधी पांढरी खिडकी फुल स्क्रीन करा. काळ्या वॉलपेपरवर त्याला कडाच सापडत नाहीत. तरी उभ्या पट्ट्या राहिल्या तर मेन्यूतलं क्लॉक (सिग्नलचा वेग जुळवणारी सेटिंग) हातानं फिरवा, आणि मग उरलेली थरथर फेजने (सिग्नल वाचण्याची नेमकी वेळ) घालवा.