कागदी फिल्टर की स्टीलची जाळी?

कोथरूडकर: कॉफी गाळायचा शंकूच्या आकाराचा ड्रिपर आहे, कपावर ठेवून वरून गरम पाणी ओतायचा. १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी. सारखे कागद मागवायला नकोत म्हणून दुहेरी स्टीलची जाळी आणली. कागदातून ३ मिनिटांत उतरणारं पाणी जाळीतून दीड मिनिटात खाली येतं. कॉफी पचपचीत, शिवाय कपाच्या तळाशी गाळ. दळण आणखी बारीक करू का?

गाळसाखर: नको! बारीक केलंत की गाळ वाढेल आणि पुढे जाळीच तुंबेल. उलट दळण थोडं जाडच करा, जाड्या रव्यापेक्षा किंचित मोठं. वेळ वाढवायचा तो ओतण्यात. आधी ४० मिली ओतून ४० सेकंद थांबा, मग उरलेलं ५०-५० मिली, मध्यभागी, बारीक धारेनं. कडेला ओतलेलं पाणी कॉफीला न भेटताच जाळीतून निसटतं. एवढं करूनही पातळ वाटली तर कॉफी १७ ग्रॅम घ्या. शेवटचा घोट मात्र कपातच सोडायचा, जाळीच्या कॉफीला तेवढा गाळ राहणारच.

जडपाणी: जाळी धुताय कशी? नुसत्या पाण्याने कॉफीचं तेल निघत नाही, ते भोकांत बसून खवट होतं. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर वर क्षारही चढतात. उजेडासमोर धरा, काळे ठिपके दिसले की तिथे भोकं बुजलीत. अर्धा लिटर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, २० मिनिटं. खळखळून धुवा. मग तेवढ्याच पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड, १५ मिनिटं. दोन्ही एकत्र टाकू नका, फसफसून एकमेकांना मारतात. तारेची घासणी लावू नका आणि गॅसवर जाळायचा उद्योगही नको, जाळी वाकडी होते.

काळीबिनसाखर: एक गोष्ट राहिली. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बहुतेक अडवतो, जाळी बरंचसं सोडते. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल आणि रोज तीन-चार कप होत असतील तर कागदच वापरा. शिवणीवर दुमडून बसवा, गरम पाण्याने भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. तपकिरी कागदाला जरा जास्त पाणी लागतं, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याचा वास येतो. पावसाळ्यात गठ्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्यांपासून लांब. वापरलेला कागद चोथ्यासकट ओल्या कचऱ्यात.

कोथरूडकर: पावडर चिकरीवाली (भाजलेल्या चिकरीच्या मुळाची पूड मिसळलेली) आहे, हे सांगायचं राहिलं.

गाळसाखर: मग ड्रिपर सोडाच. ते दळण बारीक आणि चिकरी चिकट, कागद आणि जाळी दोन्ही तुंबवते. त्याला पितळी किंवा स्टीलचं दोन मजली साउथ इंडियन फिल्टरच हवं.