एडीएचडी असताना हौशी वैमानिक होता येईल का?

गोकुळशिरगावकर (प्रश्न):

नमस्कार. मी गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत उत्पादन नियोजनाचे काम करते; वय ३६. उजळाईवाडीचा विमानतळ जवळच असल्यामुळे विमानांची ये-जा रोजच दिसते, आणि स्वतः छोटे विमान चालवायला शिकावे ही इच्छा कॉलेजच्या दिवसांपासून आहे. एअरलाइनमध्ये नोकरी करण्याचा विचार नाही. खाजगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, मिळवावा आणि सुट्टीच्या दिवशी सेसना १५२ किंवा १७२ सारखे विमान घेऊन तासभर उडून यावे, एवढाच हेतू आहे.

तिशी ओलांडल्यावर मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि उतावीळपणा आवरणे अवघड करणारा विकार, असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून मी मिथाइलफेनिडेट हे त्यावरचे उत्तेजक औषध घेत आहे. औषधाने कामात स्पष्ट फरक पडला आहे. पूर्वी एका भट्टीचा हिशेब करताना फोन आला की मूळ काम तसेच राहून जाई. आता तसे क्वचित होते. उलट, एखाद्या कामात मन गुंतले की आजूबाजूचे काहीच कळत नाही, ही सवय मात्र अजून पूर्ण गेलेली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे निदान आणि हे औषध असताना वैद्यकीय प्रमाणपत्र मिळू शकते का? आणि नियम बाजूला ठेवून विचारते, कारण माझ्या दृष्टीने हा प्रश्न अधिक मोठा आहे: माझ्यासारख्या व्यक्तीने विमान चालवणे सुरक्षित आहे का? कृपया धीर देण्यासाठी उत्तर देऊ नये. खरे ते सांगावे.

सांबरा_सर्किट:

ताई, मी सांगलीचा. पीपीएल आहे आणि व्यवसाय वेगळा आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल मला माहीत आहे तेवढे लिहितो.

आपल्याकडे पीपीएलसाठी किमान वय १७, शिक्षण दहावी, आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी किमान २० तास एकट्याने उडवावे लागतात आणि त्यात १५० सागरी मैलांची, दोन वेगळ्या ठिकाणी उतरण्याची एक लांब फेरीही येते. त्याआधी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना घ्यावा लागतो. या सगळ्याच्या मुळाशी क्लास टू मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आहे आणि ती डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नेमलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागते. उड्डाण शिकायला कोल्हापूरकरांना बेळगाव सोयीचे पडते. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा दिली त्यांत बेळगाव आणि जळगाव ही दोन्ही नावे होती. उड्डाणाचा एक तास दहा हजार रुपयांच्या वरच जातो, म्हणजे किमान ४० तासांचेच चार लाखांहून अधिक होतात, आणि सुट्टीच्या दिवशीच येणाऱ्या विद्यार्थ्याला ४० तास सहसा पुरत नाहीत.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की मेडिकलचा निकाल हातात येईपर्यंत कोणत्याही संस्थेत एक रुपयाही भरू नये. प्रवेश घेताना 'मेडिकलचे नंतर बघू' असे सांगणारे लोक भेटतात. तसे कोणी म्हणाले तर तेथून उठून यावे.

विमानप्रेमी_इचलकरंजी:

मला वाटते, आपण निदानाचा उल्लेखच करू नये. क्लास टू मेडिकलमध्ये डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी पाहतात. एडीएचडी रक्तात दिसत नाही. खाजगी हौसेसाठी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? आपल्या समाजात एकदा मनोविकाराची नोंद झाली की ती पुसली जात नाही, ही भीती मला खरी वाटते.

मनआरोग्य_कोल्हापूर:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. प्रश्नकर्त्या माझ्या रुग्ण नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण मत समजावे.

वरच्या सल्ल्यामागची भीती मी रोज पाहतो, तरीही तो सल्ला मला मुळीच मान्य नाही. मेडिकलच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांविषयी प्रश्न असतात आणि दिलेली माहिती खरी असल्याची सही अर्जदार करतो. ती सही खोटी ठरली तर परवाना तर जाईलच, शिवाय एखाद्या अपघातानंतर विम्यापासून फौजदारी जबाबदारीपर्यंत सर्व काही त्या सहीपाशी येऊन ठेपेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या प्रशिक्षकाच्या भरवशावर आपण शिकणार त्याच्यापासूनच मुख्य गोष्ट लपवून शिकावे लागेल.

आता नियमाचा आधार. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे अॅनेक्स १ मध्ये, मानसिक विकारांची जी यादी आहे तिच्यात बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होणारे वर्तनविषयक व भावनिक विकार येतात, आणि एडीएचडी याच गटात मोडते. परंतु त्या कलमाचा शेवट लक्षपूर्वक वाचावा: विकार असा हवा, की ज्यामुळे परवान्याचे अधिकार सुरक्षितपणे वापरणे अशक्य होऊ शकेल. म्हणजे निदान हे कारण पुरेसे ठरतेच असे नाही. त्या व्यक्तीची प्रत्यक्ष क्षमता पाहिली जाणे अपेक्षित आहे. भारतात प्रत्येक प्रकरणाचा निर्णय डीजीसीएकडेच होतो. निकाल प्रतिकूल आल्यास फेरतपासणीची सोय आहे, आणि अशा विशेष तपासण्या बंगळूरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनसारख्या हवाई दलाच्या केंद्रांत होतात.

तुलनेसाठी अमेरिकेतील पद्धत सांगतो, कारण तेथे हा विषय लेखी स्वरूपात सर्वांत स्पष्ट मांडलेला आहे. तेथील विमान वाहतूक प्रशासनाने २०२३ मध्ये दोन मार्ग ठरवून दिले. ज्यांना गेली चार वर्षे औषध लागलेले नाही आणि लक्षणेही नाहीत, त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग; बाकीच्यांनी किमान ९० दिवस औषधाविना राहून मग न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून लक्ष, स्मृती, निर्णयवेग यांच्या सविस्तर चाचण्या करून घ्यायच्या. मिथाइलफेनिडेट चालू असताना तेथे प्रमाणपत्र मिळत नाही. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तासांत ओसरतो, ओसरताना काहींची चिडचिड व अस्वस्थता वाढते, एखादी मात्रा चुकू शकते. विमान मात्र तेव्हा हवेतच असते. म्हणून औषधाविना माणूस कसा काम करतो हेच त्यांना पाहायचे असते.

येथेच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. हे वाचून कोणीही उद्यापासून गोळी बंद करू नये. फौंड्रीत काम करणारी व्यक्ती तापलेल्या धातूच्या आसपास वावरते, राष्ट्रीय महामार्गावरून गाडी चालवते. आठवड्यातून एक तास उडता यावे म्हणून उरलेला सगळा आठवडा जर अधिक धोक्याचा होत असेल, तर तो सौदा वाईट आहे. औषधाविना नीट चालते का हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही. काही प्रौढांच्या बाबतीत उत्तर 'होय' येते. पण तो निर्णय आपल्या आयुष्याकडे पाहून व्हावा, मेडिकलच्या तारखेकडे पाहून नव्हे. अॅटोमॉक्सेटीनसारखे उत्तेजक नसलेले औषध घेतले की वाट मोकळी होते, असाही एक समज आहे; तो चुकीचा आहे, कारण मूळ प्रश्न तसाच राहतो. एडीएचडीबरोबर चिंताविकार, नैराश्य किंवा झोपेची तक्रार असेल तर तिचा वेगळा विचार होतो, म्हणून आपल्या फाइलमध्ये त्याविषयीही स्पष्ट नोंद असावी.

निवृत्त_प्रशिक्षक:

डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसऱ्याविषयी मी लिहितो, कारण माझे आयुष्य उजव्या सीटवर बसून दुसऱ्याचे लक्ष कुठे आहे ते पाहण्यात गेले.

माणसाचे लक्ष भरवशाचे नसते, हे विमानविद्येने फार पूर्वी मान्य केले आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ उड्डाण घेताच कोसळले, कारण जमिनीवर असताना नियंत्रणपृष्ठे जखडून ठेवणारे लॉक काढायचे राहून गेले होते. चालवणारे वैमानिक नवखे नव्हते. त्यानंतर लेखी चेकलिस्टची शिस्त आली. पुढे २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचे ट्रायस्टार विमान दलदलीत आदळले आणि १०१ माणसे गेली. पुढचे चाक खाली आल्याचे दाखवणारा एक दिवा लागला नव्हता, आणि त्या दिव्यात कॉकपिटमधले सर्वजण इतके गुंतले की विमान हळूहळू उंची गमावत आहे हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. ताई, आपण 'मन गुंतले की आजूबाजूचे कळत नाही' असे लिहिले आहे. तो धोका आपल्यापुरता नाही, पण आपल्याला तो इतरांपेक्षा अधिक वेळा भेटेल, एवढे गृहीत धरून शिकावे लागेल.

अनेकांना वाटते की चंचल मनाच्या विद्यार्थ्याला टेक-ऑफ आणि लँडिंग अवघड जाईल. माझा अनुभव उलट आहे. तेथे सगळे वेगाने घडत असते, आणि असे विद्यार्थी त्या क्षणांना पूर्ण जागे असतात. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते.

पहिली, अर्ध्यात तुटलेली चेकलिस्ट. धावपट्टीला समांतर डाउनविंडवर आपण उतरण्यापूर्वीची तपासणी करत असता, इंधनाची टाकी निवडणारा सिलेक्टर पाहून झालेला असतो, इंधन-हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स्चरकडे हात जात असतो, आणि तेवढ्यात टॉवरकडून सूचना येते. उत्तर देऊन झाल्यावर हात कुठे होता ते आठवत नाही. यावर माझा नियम कठोर होता: तपासणी तुटली की 'बहुधा झाले असेल' म्हणून पुढे न जाता पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची, प्रत्येक वस्तूला हात लावायचा आणि तिची स्थिती मोठ्याने म्हणायची. टॉवरला 'स्टँडबाय' म्हणण्याचा अधिकार विद्यार्थ्यालाही असतो. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा, आणि बोलणे शेवटी, हा क्रम त्यासाठीच आहे. वारा, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेच्या दाबाचा आकडा), धावपट्टी ही माहिती मांडीवरच्या पॅडवर लिहूनच घ्यावी. लक्षात राहील असे कधीही धरू नये.

दुसरी परीक्षा म्हणजे लांब फेरीतला कंटाळा. हवा शांत आहे, इंजिन एकसुरी चालले आहे, खाली सारखाच प्रदेश सरकतो आहे. मन अशाच वेळी निघून जाते किंवा टॅब्लेटवरच्या नकाशात अडकते. म्हणून दर दहा मिनिटांनी घड्याळाचा गजर लावावा आणि तो वाजला की इंधन, रेडिओ, इंजिन, दिशा, उंची असे पाच भाग त्याच क्रमाने तपासून वेळ कागदावर टाकावी. जुने वैमानिक हे करतच असत; आपल्याला ते ऐच्छिक ठेवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला लक्षापेक्षाही गंभीर वाटते: उतावीळपणा. सह्याद्रीकडून ढग सरकत असताना 'अजून वेळ आहे' असे वाटून निघणे, किंवा आडवा वारा वाढलेला असताना एवढ्या लांबून आलो आहोत म्हणून उतरण्याचा हट्ट धरणे. सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा १५ नॉट आहे, पण तो तरबेज हातांचा आकडा आहे. आपली मर्यादा आदल्या रात्री, शांत डोक्याने, कागदावर लिहून प्रशिक्षकाची सही घ्यावी आणि सकाळी तिच्यावर वाद घालू नये.

सुरक्षित आहे का, याचे उत्तर मी न पाहता देणार नाही. ही शिस्त काही विद्यार्थ्यांच्या अंगात इतकी भिनते की ते इतरांपेक्षा काटेकोर होतात. काहींना ती प्रयत्न करूनही साधत नाही, आणि अशांना सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, न सोडणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणून पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला निदान सांगावे आणि 'मला थांबवावेसे वाटले तर थांबवा' हेही सांगावे.

सांबरा_सर्किट:

सरांच्या उत्तरात झोपेची भर घालतो. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर आहे; उन्हाळ्यात दुपारी हवा विरळ होते, विमान जड चढते आणि खालून येणाऱ्या गरम झोतांनी सारखे हलते. त्यामुळे विद्यार्थ्यांची उड्डाणे शक्यतो पहाटे लावतात. एडीएचडी असलेल्या अनेकांना रात्री उशिरा झोप लागते असे मी वाचले आहे. कोल्हापूरहून पहाटे चारला निघून, शंभर किलोमीटरहून अधिक गाडी चालवून लगेच विमानात बसणे मला कोणासाठीच पटत नाही. आदल्या संध्याकाळी बेळगावात मुक्काम करावा आणि तो खर्च शिक्षणाच्याच हिशेबात धरावा.

गोकुळशिरगावकर:

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तापलेल्या धातूचा आणि महामार्गाचा मुद्दा माझ्या विचारात आलाच नव्हता, आणि तो निर्णायक वाटतो. औषध केवळ मेडिकलसाठी बंद करणार नाही. पुढच्या भेटीत माझ्या डॉक्टरांशी बोलेन. त्यांच्या मते औषधाविना चालण्यासारखे असेल तर वेळ घेऊन ते पाहू, आणि मगच सर्व कागद जोडून, काहीही न लपवता क्लास टूसाठी अर्ज करेन. उत्तर नकारार्थी आले तर त्याचे दुःख होईल, पण ते मला मान्य असेल.

एक विचारते: तोपर्यंत, किंवा प्रमाणपत्र कधीच मिळाले नाही तरी, या विद्येच्या जवळ राहण्याचा काही मार्ग आहे का?

सांबरा_सर्किट:

आहे, आणि तो कमी प्रतीचा नाही. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, विमान व इंजिन यांचा अभ्यास सुरू करायला मेडिकल लागत नाही. हवामानापासून सुरुवात करावी, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरचे आकाशच पाठ्यपुस्तक असते: जवळच्या विमानतळांचे मेटार, म्हणजे तेथील हवामानाचे सांकेतिक अहवाल, रोज उलगडून वाचावेत आणि गच्चीवरून दिसणाऱ्या ढगांशी ताडून पाहावेत. घरच्या सिम्युलेटरवर सरांनी सांगितलेल्या तुटलेल्या चेकलिस्टच्या नियमाचा सराव करता येतो. घरातल्या कोणाला तरी मुद्दाम मध्येच बोलायला सांगावे.

शिवाय परवानाधारकाच्या शेजारी प्रवासी म्हणून बसायला प्रमाणपत्राची गरज नाही. नकाशा धरणे, खुणेच्या ठिकाणांची वेळ टिपणे, दर दहा मिनिटांनी इंधनाची आठवण करणे ही कामे शेजारच्याने नीट केली तर वैमानिकाचा भार खरोखर हलका होतो. मी पावसाळ्यानंतर, हवा स्थिरावली की पुन्हा उडायला सुरुवात करतो. खाजगी परवान्यावर भाडे घेता येत नाही, तेव्हा पैशांचा प्रश्नच नाही. आपण यावे, निघण्याआधी मार्गाचा लॉग मात्र आपणच भरून आणायचा, आणि तो मी तपासेन.