मदत हवी आहे: फवारणीनंतर बाबांचं एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) वाढलंय, पुढची तपासणी कोणती?

बाबा (५६) काटोलजवळ पऱ्हाटीवर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक फवारायचे. तोंडाला फक्त दुपट्टा, पंप गळका. घरी येईपर्यंत सदरा पाठीला ओलाच चिकटलेला असायचा. ३ आठवड्यांपासून जेवण जात नाही, म्हणून फवारणी तेव्हाच बंद केली. एसजीपीटी १४२, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) ११८. दारू नाही, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, सोनोग्राफी नॉर्मल, काढे-गोळ्या काही चालू नाहीत.

डॉक्टर म्हणाले, फवारणीचं हे औषध यकृतातच ऑक्सॉन नावाच्या जास्त विषारी रूपात बदलतं, पेशींची आवरणं खराब होतात आणि आतलं एसजीपीटी रक्तात उतरतं. हे पटलं. पण सीरम कोलिनेस्टरेजही (रक्तातलं एन्झाइम, जे असल्या विषाने दबतं) कमी आलंय, आणि ते तर यकृतच तयार करतं! मग ते विषामुळे कमी झालं की यकृतच थकलंय म्हणून? लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज यकृत बनवत नाही, ते तपासलं तर उलगडा होईल, पण धंतोली-रामदासपेठेतल्या ३ लॅबनी नाही म्हटलं. मुंबई-पुण्याला नेण्याइतकी ताकद सध्या त्यांच्यात नाही.

नागपुरात ही तपासणी कुठे होते? आणि फवारणी थांबून ३ आठवडे झाल्यावर तिच्यातून काही कळेल का?